यंदा मी मरणार नाही!

१० मार्च, मंगळवार

थॅड क्रॉसबीचा खुबा गेला! भर गावसभेत, रस्त्यावर मीठ किती टाकायचं यावर हमरीतुमरी चाललेली असताना, म्हातारा काठी टेकत उठला आणि म्हणाला, "एप्रिलच्या शेवटी ऑपरेशन आहे. यंदा पुलावर उभं राहणं जमायचं नाही. दुसरा एलिफलेट शोधा."

मीठ बाजूलाच राहिलं.

आमच्या स्टॅनविकमध्ये कॅप्टन एलिफलेट क्रॉसबी कोण हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. सतराशे सत्त्याहत्तर साली या गृहस्थानं मूठभर शेतकरी घेऊन इंग्रजांची अख्खी पलटण पुलावर अडवली आणि "हा पूल आमचा आहे!" अशी आरोळी ठोकली. ती आरोळी गावाच्या शिक्क्यावर आहे, पोलिसांच्या गाडीवर आहे, कचऱ्याच्या गाडीवरही आहे. दर चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, आम्ही ती लढाई पुन्हा लढतो. मूळ लढाई नोव्हेंबरातली म्हणे — पण नोव्हेंबरात आईस्क्रीम कोण खाणार? आणि मूळ पूल छत्तीस सालच्या पुरात वाहून गेला. नवा बांधला तो जरा खाली, गाड्या लावायला बरं पडतं तिथे.

एलिफलेट नेहमी क्रॉसबींच्या घरातला. आधी थॅडचे वडील, मग थॅड. थॅडचा मुलगा टेक्ससला असतो, त्याला यात काडीचा रस नाही. म्हणजे जागा रिकामी! आणि यंदा देशाचं अडीचशेवं वर्ष!

घरी आलो. लॉरेन बटाटे सोलत होती. म्हटलं, "यंदा मी मरणार नाही."

"बरं झालं," बायको म्हणाली. "मग छपराची पन्हाळ तेवढी दुरुस्त कर."

१२ मार्च

पंचवीसएक वर्षं मी इंग्रजांचा कप्तान आहे. लाल लोकरीचा कोट, पांढरा टोप आणि जुलैचा उकाडा! पुलापाशी चालत यायचं, काहीतरी उर्मट बोलायचं, पहिला बार झाला की छाती धरायची आणि मरायचं. ओठांतून बीटाचा रस. पोरं हुर्यो करतात. दरवर्षी एक टोमॅटो येतो. मारणाराही दरवर्षी तोच — औषधांच्या दुकानाचा मालक. एरवी फार सज्जन माणूस.

बाकीचे कसे मरतात ते बघवत नाही. सगळ्यांना गोळी बरोबर मेपलच्या सावलीतच लागते! उन्हात मरायला एकजण तयार नाही. मेल्यावर एक डोळा उघडून फोटो काढतात. मी जिथे गोळी लागते तिथे पडतो, आणि शेवटची तुतारी होईपर्यंत हलत नाही. नाकावर माशी बसली तरी नाही. जन्मभर नळ जोडले, एकही गळू दिला नाही. मरणंही तसंच. करायचं तर नीट करायचं.

लाल कोट कोणाला मिळतो? जो उशिरा आला त्याला. माझे आजोबा क्वेबेकहून इथल्या कापडगिरणीत आले, त्याला शंभर वर्षं होतील. गावाच्या हिशेबानं आम्ही काल संध्याकाळी उतरलो. आमच्यानंतर पोलंडवाले आले, इटलीवाले आले — सगळ्यांनी आळीपाळीनं लाल कोट घातले. क्रॉसबी, लूमिस, हॉइट या जुन्या घराण्यांना आपल्या बाजूचे निळे. असा नियम कोणी केलेला नाही. करायची गरजच पडली नाही.

२१ मार्च, शनिवार

चर्चच्या तळघरात बीन्सचं जेवण होतं. ड्वाइट लूमिसला तिथेच गाठलं. ड्वाइट घरं विकतो, उत्सव कमिटीचा अध्यक्ष आहे आणि नाकानं कांदे सोलतो. दोन वाक्यं झाली की तिसऱ्यात "आमची सातवी पिढी" येतेच.

म्हटलं, "ड्वाइट, एलिफलेट मी करतो."

त्यानं चमचा खाली ठेवला. "अरे नॉर्म! तुझ्यासारखं मरतं कोण?"

"म्हणूनच. पुरे झालं आता."

"गावाला तू मेलेलाच आवडतोस रे!" — तोंडावर! आणि वर पाठीवर थाप.

"मग एलिफलेट कोण करणार?"

"बघू, कमिटी ठरवेल. रक्त जुनं हवं ना... तसं बघितलं तर माझ्या आजीची आजी क्रॉसबींच्या घरातली."

पलीकडच्या टेबलावरून थॅडचा आवाज आला, "घरातलीच होती. भांडी घासायला!"

अख्खं तळघर हसलं. ड्वाइट पण हसला, पण कान लाल. आता हा मला एलिफलेट होऊ देतोय? नाव सोडा!

२९ मार्च

आज पापांची आठवण फार येतेय. लिहूनच टाकतो.

पापा कोरियाला लढायला गेले होते. खरी लढाई, खरं बर्फ, खऱ्या गोळ्या. डावा पाय गुडघ्याखाली तिथेच राहिला. परत आले तेव्हा गावानं बँड वाजवला. पुढच्या जूनमध्ये ड्वाइटचा बाप दारात हजर, हातात लाल कोट. "नव्या घरांतली माणसं सामील झाली की गाव एक होतं, लुसियन." पापांनी घेतला. गावात राहायचं होतं.

कमिटीला मग भन्नाट कल्पना सुचली! तोफ उडाली की पापांनी आतून पट्टा सोडायचा. लाकडी पाय उडून गवतात पडायचा. काय टाळ्या! लांबलांबून लोक तो पाय बघायला यायचे. आई त्या वेळी नदीकडे बघत उभी राहायची.

एकदा पापांनी विचारलं होतं — एक वर्ष निळ्या बाजूनं उभा राहू का? ड्वाइटचा बाप म्हणाला, "मग पाय कोण उडवणार?" पापा हे सांगताना हसायचे. मला कधीच हसू आलं नाही. या गावात देशासाठी पाय दिलेला माणूस एकच होता, आणि त्याला आम्ही जन्मभर शत्रू केला.

म्हणून मला तो निळा कोट हवाय. एकदाच. आम्हा वेलेटांपैकी कोणीतरी त्या पुलाच्या अलीकडे उभं राहिलेलं मला बघायचंय — मग तो मी का असेना.

१८ एप्रिल

बर्फ वितळलं. सगळीकडे घोट्याएवढा चिखल. राज्य सरकार यंदा ऐतिहासिक जागांवर लोखंडी पाट्या लावतंय, त्यासाठी विद्यापीठातून एक प्रोफेसर बाई आल्या आहेत. इमोजेन कार नाव. सोबत विद्यार्थी, कुदळी, चाळण्या, धातू शोधायची यंत्रं. पुलाजवळचं कुरण खणणार. जुन्या गोळ्या मिळाल्या की पाटी नक्की.

ड्वाइटनं संग्रहालयात गोळ्यांसाठी काचेचं कपाटसुद्धा आणून ठेवलंय. रिकामं. आतला दिवा चालू.

२६ एप्रिल

यंत्रं दिवसभर किंचाळतात. रोज काही ना काही निघतं. ड्वाइट रोज डोनट घेऊन जातो आणि रोज चेहरा पाडून येतो.

थॅडचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्या आल्या विचारलं म्हणे — "गोळी मिळाली का?" नर्स घाबरली.

५ मे

अहवाल आला. बाईंनी सभागृहात टेबलावर सगळं मांडून दाखवलं. सोड्याच्या बाटल्यांची झाकणं, टोपलीभर. शहात्तर सालच्या उत्सवाचं किल्ल्यांचं कडं. कोटांची पितळी बटणं — मागे "तैवान"! आणि एक दातांची कवळी. ती थॅडची. कुठल्याशा वर्षी चढाईच्या आरोळीबरोबर उडाली होती, तेव्हापासून शोधत होता.

इंग्रजांची गोळी? एक नाही. आमची? एक नाही. बंदुकीचा चाप नाही, पट्ट्याचं बक्कल नाही, काही नाही.

बाई फार सभ्यपणे म्हणाल्या, "इथे लढाई झाल्याचा पुरावा मिळत नाही."

ड्वाइट उठला. "पुरावा नाही कारण आमचे पूर्वज शिस्तीचे होते! काम झाल्यावर सगळं उचलून नेलं!"

"गोळ्यासुद्धा?"

"शिसं महाग होतं!"

बाई पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या की गावाला हवं तर ठराव करून राज्याला कळवता येईल, राज्य त्याची नोंद घेईल. झालं! ड्वाइटनं तिथल्या तिथे खास गावसभा बोलावली. गाव मतदानानं ठरवणार — लढाई झाली की नाही!

बोलाची कढी, बोलाचाच भात — हे मला मनातून आधीच माहीत होतं. कोणाला नव्हतं? पण लढाई गेली तर एलिफलेट गेला. एलिफलेट गेला तर कोट गेला. थोबाडावर दार बंद, तेही मी पायरीवर पोचल्यावर!

१९ मे, मंगळवार

आजचं सगळं लिहितो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सभागृह तुडुंब. सभेच्या अध्यक्षांनी हातोडा आपटला आणि विषय वाचला — "गावाचं असं मत आहे काय, की सदर लढाई झाली?" एकजण म्हणाला, दुरुस्ती सुचवतो, 'लढाई' ऐवजी 'चकमक' म्हणा. दुसरा म्हणाला, चकमक म्हटलं तर बँड कशाला? त्यावर बराच वेळ गेला. शाळेतली एक मास्तरीण म्हणाली, "मग मुलांना मी काय शिकवू?" मागून उत्तर आलं, "जे ठरेल ते!"

वारं विरुद्ध दिशेनं वाहत होतं. तरुण मंडळींना हसू येत होतं. कवळीचे फोटो सगळ्यांच्या फोनवर पोचले होते. ड्वाइट बोलला, पण तो बोलायला लागला की लोक घड्याळं बघतात.

मी उठलो. बोलायचं ठरवलं नव्हतं. पाय आपोआप उठले.

म्हटलं, "मी नॉर्मन वेलेट. तुमचा इंग्रज." थोडं हसू आलं. "माझ्या वडिलांचा पाय कोरियात गेला, ते तुम्हाला माहीत आहे. दरवर्षी ते त्या कुरणात उतरले आणि तुम्ही जिंकावं म्हणून पडले. दुसरा पाय उरला होता त्याचाही विचार केला नाही. त्यांच्यानंतर मी पडलो. त्या प्रोफेसर बाईंना गोळ्या नाही सापडल्या. पण माझ्या बापाचा घाम त्या गवतात आहे, माझाही आहे. लढाई झाली नसेल, तर माझा बाप तिथे कशासाठी पडत होता, हे मला कोणीतरी सांगा. मी खाली बसतो."

आणि बसलो. मला खरंच उत्तर हवं होतं. कोणीतरी उठून "आमचं चुकलं, नॉर्मन" म्हणेल असं वाटलं. वेडाच मी!

मागच्या बाकावर कोणीतरी नाक शिंकरलं, आणि ड्वाइट ताडकन उठला — "ऐकलंत? इंग्रज स्वतः सांगतोय, लढाई झाली!"

टाळ्या! हात वर झाले. लढाई प्रचंड बहुमतानं झाली.

प्रोफेसर बाई दारात भेटल्या. म्हणाल्या, "तुम्ही एकटेच खरं बोललात, आणि त्यावर लोकांनी खोटं मंजूर केलं. कमाल आहे." मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे असंच आहे." दुसरं काय म्हणणार?

२० मे

थॅड चाकाच्या खुर्चीत बसून, मांडीवर निळा कोट घेऊन, स्वतः माझ्या दारात! मागे ड्वाइट, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

थॅड म्हणाला, "कोट माझ्या बापाचा. कोणाला द्यायचा ते कमिटी कोण सांगणार? घे, नॉर्मन."

ड्वाइट म्हणाला, "फक्त यंदापुरता हं!"

लॉरेननं थॅडला चहा दिला, ड्वाइटला नाही.

२ जून

कोट खांद्यात आवळतो. क्रॉसबींचे खांदे उतरते, आमचे गिरणीतल्या गाठी उचलणारे. लॉरेन शिवण उसवून कापड घालतेय आणि बडबडतेय — "एवढ्यासाठी घराणं जुनं लागतं होय? खांदे तर बाटलीसारखे!"

पण आता इंग्रजांना कप्तान नाही! ड्वाइटला माणूस सापडला — महामार्गावरच्या मोटेलचा मालक भूपेन भक्ता. गुजराती आहे. आठ वर्षं झाली गावात. मीच त्याच्या मोटेलचे सगळे नळ बसवले. ड्वाइट त्याला म्हणाला, "नव्या घरांतली माणसं सामील झाली की गाव एक होतं, भूपेन."

बापाचंच वाक्य, जसंच्या तसं! डोळे, नाक, जमीनजुमला — आणि हे वाक्य, सगळं वारशात आलंय.

भक्तानं मला फोन केला. "नॉर्मनभाई, माझ्या आजोबांनी इंग्रजांच्या लाठ्या खाल्ल्या. तुरुंगात गेले. आणि मी इंग्रज? बाला कळलं तर ती मला जेवायला वाढायची नाही!" बा म्हणजे त्याची आई. अजून स्वयंपाकघर तिच्याच हातात आहे.

म्हटलं, "मग नाही म्हण."

तो म्हणाला, "तुम्ही म्हणाला होतात?"

मी फोन ठेवला. त्याच्यावर राग आला, मग स्वतःचाच आला. दिवसभर डोकं ठिकाणावर नव्हतं.

१४ जून, रविवार

भक्ताला मरायला शिकवतोय. मोटेलमागच्या हिरवळीवर, चावऱ्या काळ्या माश्यांच्या झुंडीत. बा खुर्ची टाकून बघत बसते.

गोळी लागली की हा आधी डावीकडे झोकांडतो, मग उजवीकडे, मग आकाशाकडे हात, मग आईला हाक, मग पुन्हा उठतो!

"भूपेन, इंग्रज अधिकारी असा मरत नाही. एका झटक्यात मर."

"नॉर्मनभाई, आमच्याकडे एवढ्या लवकर मेलं तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतात."

पडून दाखवलं. पुन्हा दाखवलं. आधी गुडघा, मग खांदा, डोकं शेवटी. बार ऐकला की विचार करायचा नाही, शरीर सोडून द्यायचं. बा टाळ्या वाजवायला लागली. माझ्यासाठी! मग आत जाऊन तिनं मला खायला ढोकळा आणला. मुलाला दिला नाही. इंग्रज ना तो!

२७ जून

रंगीत तालीम. बंदुकीची दारू वाया जाऊ नये म्हणून बार काढत नाहीत, तोंडानंच "ठो!" म्हणायचं. मी पुलावर उभा राहिलो, तलवार उपसली, "हा पूल आमचा आहे!" म्हटलं. भक्ता झकास मेला. लूमिस, हॉइट सगळे सावलीत मेले.

थॅड म्हणाला, "आवाज चांगला लागला तुझा."

आठवडा राहिला. रात्री नीट झोप नाही. लग्नाच्या वेळी एवढा घाबरलो नव्हतो, पण हे लॉरेनला कळायला नको.

४ जुलै, शनिवार

कसं लिहू? लिहितोच.

एवढी गर्दी मी जन्मात पाहिली नव्हती. झेंडे, बँड, स्ट्रॉबेरीचा केक, गावाचा ठराव बघून राजधानीतून पाटी घेऊन आलेल्या सरकारी बाई. नवी कोरी लोखंडी पाटी कापडाखाली झाकलेली. पुढच्या रांगेत थॅड, चाकाच्या खुर्चीत. त्याच्या शेजारी बा, जांभळी साडी नेसून.

मी पुलावर. निळा कोट. पाठीमागे ड्वाइट आणि सगळी जुनी घराणी — माझ्या मागे! ढोल वाजला. समोरून लाल कोट आले, पुढे भक्ता. टोमॅटो आला, त्याला लागला. त्यानं रुमालानं पुसला आणि थांबून ओरडला, "बाजूला व्हा, शेतकऱ्यांनो!"

मी तलवार उपसली. पापा, बघा! मनात एवढंच होतं. पापा, बघा आता!

"हा पूल आमचा आहे!"

आणि बंदुकांचा पहिला बार झाला.

धाड!

आणि मी मेलो.

आधी गुडघा, मग खांदा, डोकं शेवटी. एका झटक्यात. बीटाचा रस नव्हता तोंडात, तरी ओठ हलले. गवताचा वास नाकात शिरला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला — अरे, मी निळा आहे! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी तर खोडच मरायची!

ढोल थांबला. सगळं थांबलं.

झुडपाआडून कमिटीची माणसं भक्ताला फुसफुसत होती, "पड! अरे पड ना!" भक्ता हळूच म्हणाला, "पण मला कोणी मारलंच नाही!"

उठावं का? मनात आलं. पण मेलेला माणूस उठत नाही. पंचवीस वर्षं मी सगळ्यांना तेच सांगत आलोय. डोळे मिटून पडून राहिलो.

ड्वाइट माझ्या मागे होता, त्यानं हुकूम द्यायला हवा होता. "आता काय करायचं?" असं त्यानं शेजारच्या हॉइटला विचारलेलं मी या कानांनी ऐकलं! मग पावलं वाजली. सातही पिढ्या आईस्क्रीमच्या गाडीकडे पळाल्या. इंग्रज पूल ओलांडून आले. अडीचशे वर्षांत पहिल्यांदा!

भक्ता माझ्याजवळ बसला. माझं डोकं उचलून मांडीवर घेतलं आणि कुजबुजला, "नॉर्मनभाई, खरंच काही झालं का? डॉक्टर बोलावू?" त्याच्या डोळ्यांत पाणी. घाबरला होता बिचारा.

लोकांना वाटलं, शत्रू वीराला मानवंदना देतोय. थॅडनं टोपी काढली. मग एकेक करून सगळ्यांनी काढल्या. कोणीतरी हुंदका दिला. पाटीवाल्या बाई डोळे पुसत होत्या. मी एका पापणीतून पाहिलं — औषधांच्या दुकानाचा मालक ढसाढसा रडत होता, हातात उरलेला टोमॅटो.

तुतारी झाली. उठलो. कोणाला तोंड न दाखवता घरी आलो, कोट काढला आणि न्हाणीघरात बसून राहिलो. एकदाच मागितलं होतं. एकदाच मिळालं होतं. पापांना मी तिथेच नेऊन ठेवलं, जिथे ते जन्मभर होते. रडलो, लिहायला लाज कसली.

५ जुलै

सकाळी दार उघडलं तर पायरीवर भाजलेल्या मॅकरोनीचं भांडं. त्यापाठोपाठ टर्कीचं. इथे कोणाच्या घरी मयत झाली की असं जेवण पोचवतात.

लॉरेन म्हणाली, "तुझ्या बाराव्याचं आलंय. गरम आहे तोवर खाऊन घे."

पेपरात पहिल्या पानावर फोटो — मी भक्ताच्या मांडीवर. वर मथळा: "पुलावर वीरमरण". लोक फोन करून सांगताहेत, इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. जिंकणं काय, दरवर्षीचंच! माझं चुकलं असं एकानंही म्हटलं नाही. सगळ्यांना वाटतंय ते ठरवून केलं होतं.

७ जुलै

कमिटीची बैठक झाली. ड्वाइटनं ठराव मांडला — कॅप्टन एलिफलेट क्रॉसबी हा सतराशे सत्त्याहत्तर साली पुलावर लढताना धारातीर्थी पडला. एकमतानं मंजूर.

थॅड म्हणाला, "अरे, चर्चमागे त्याची कबर आहे! एक्याऐंशीव्या वर्षी मेला. आमच्या घरात सांगतात, ॲपल पाय जास्त खाल्ला म्हणून."

ड्वाइट म्हणाला, "कबर दुरुस्त करून घेऊ."

९ जुलै

ड्वाइट आला होता. हातात लाल कोट. म्हणाला, "नॉर्म, समजून घे. एलिफलेट आता हुतात्मा आहे. एवढं मोठं मरण जुन्या घरातच राहायला हवं. पुढच्या वर्षीपासून मी करतो. तू परत इंग्रजांचा कप्तान. आणि नव्या इतिहासात एलिफलेटला गोळी घालतो तो इंग्रजांचा कप्तानच."

मी विचारलं, "म्हणजे दर चार जुलैला, अख्ख्या गावासमोर, मी तुला गोळी घालायची?"

"हो. आणि मी पडायचं."

कोट घेतला. भक्ताला फोन केला. एक वर्ष तो, एक वर्ष मी.